आयएलडी हे आडनाव झालं, नाव अजून शोधायचंय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “आई ६३ वर्षांची. आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ नवव्या मजल्यावर राहतो. दहा महिन्यांपासून तिला कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. आधी दमा म्हणून पंप दिला. मग एक्स-रेवर डाग दिसले म्हणून चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. फरक नाही. आता सीटीच्या रिपोर्टात ‘आयएलडी, फायब्रोटिक एचपीची शक्यता’ असं आलंय. मध्ये गणपतीत पंधरा-वीस दिवस संगमेश्वरला गावी होती तेव्हा खोकला निम्म्यावर आला होता, इथे आल्यावर पुन्हा तेच. हा टीबी आहे का? घरात चार वर्षांचा नातू आहे, त्याला लागेल का? बाल्कनीत कबुतरं येतात, त्यांचा संबंध आहे का? स्टेरॉइड सुरू करायचं म्हणतात, ते आयुष्यभर घ्यावं लागतं का? तिला गावीच नेऊन ठेवू का?”

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, ते गणपतीचं. त्याच्याकडे येतोच. आधी नातवाचं सांगून मोकळा होतो: आयएलडी, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक भिंतींचा आजार, हा लागट आजार नाही. त्याला आजीच्या मांडीवर खुशाल बसू द्या.

मी छातीविकारतज्ज्ञ. सव्वीस वर्षं ठाण्यात आणि आठवड्यातले दोन दिवस वाशीत रुग्ण बघतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या जागी मला बसवू नका. पण हातात ‘आयएलडी’ लिहिलेला कागद पडला की घरचे लोक लगेच विचारतात, ‘यावर औषध काय?’ त्याआधी विचारायला हवं, ‘कुठली आयएलडी, आणि कशामुळे?’ इंटरस्टिशियल लंग डिसीज या एका नावाखाली दोनशेहून जास्त आजार दाटीवाटीने राहतात. त्यातले काही आपणहून बरे होतात, काही कारण दूर केलं की थांबतात, काही काहीही केलं तरी पुढे सरकतात. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला मारक ठरू शकतं. रिपोर्टात तुम्हाला आडनाव कळलंय, नाव कळायचं आहे.

हा आजार नेमका कुठे होतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्या फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे साडेसातशे चौरस फूट, तुमच्या घोडबंदरचा टू बीएचके, तोही कार्पेट एरिया. या अख्ख्या पसाऱ्यात एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी भिंत. या भिंतीच्या आतली जी चिंचोळी जागा, ती इंटरस्टिशियम. दमा होतो श्वासनळ्यांत. न्यूमोनियात वायुकोशांच्या पोकळीत पू भरतो. आयएलडीत भिंतच बिघडते. आधी तिला ओल येते, म्हणजे सूज. ओल वेळेत थांबली तर भिंत वाळते, पूर्ववत होते. नाही थांबली तर आत तंतू साचतात आणि प्लास्टरच्या जागी सिमेंटचा थर चढतो. तो फायब्रोसिस. ओल वाळवता येते. चढलेलं सिमेंट खरवडून काढायचं औषध आजघडीला कुणाकडेही नाही. ‘डाग कधी जातील?’ हे मला रोज ऐकावं लागतं. काही डाग जातात, काही जात नाहीत, आणि कुठले कुठल्या जातीचे हे सीटीत बऱ्यापैकी दिसतं.

बसल्या जागी आईंना बरं वाटत असेल. जिन्यावरच धाप का? विश्रांतीत असताना रक्तातली तांबडी पेशी त्या भिंतीजवळून जायला पाऊण सेकंद घेते. भिंत धड असेल तर पाव सेकंदात तिच्यात ऑक्सिजन भरून होतो. उरलेला अर्धा सेकंद हाताशी राखलेला. भिंत जाड झाली की भरायला जास्त वेळ लागतो, पण तो राखलेल्या वेळातून निभावतो, म्हणून बसून काही जाणवत नाही. जिना चढायला लागलं की हृदय रक्त जोरात पुढे ढकलतं, पेशीला मिळणारा वेळ घटतो आणि ती अर्धी रिकामीच पुढे जाते. ठाण्याला लोकल थांबायच्या ऐवजी नुसती वेग कमी करून निघून गेली तर किती जण चढतील, तसं.

म्हणून बोटाला लावायच्या मीटरवर ‘९६ आहे, सगळं ठीक’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. रुग्ण बसलेला असताना काढलेला तो आकडा. माझ्या दवाखान्याबाहेर लांब कॉरिडॉर आहे. मी रुग्णाला मीटर लावून तिथे सहा मिनिटं चालवतो. खुर्चीत ९६ असणारी माणसं तिसऱ्या फेरीला ८६ वर आलेली मी किती पाहिलीत त्याला मोजदाद नाही. या तपासणीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि लागत नाहीत म्हणूनच बहुधा ती होत नाही.

यातले बहुतेक रुग्ण माझ्याकडे उशिरा येतात, कारण धाप हळूहळू वाढते आणि माणूस तिच्याप्रमाणे जगणं बदलत जातो. स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबून मोबाइल बघायचं नाटक करायचं. तलावपाळीला दोनऐवजी एकच फेरी. भाजीची पिशवी सुनेकडे द्यायची. ‘वय झालं’ हे निदान घरबसल्या, फुकट होतं. वय झाल्यामुळे जिना चढताना पाय दुखतात, ऑक्सिजन उतरत नाही. दुसरी खूण कोरडा खोकला, बोलताना, हसताना, फोनवर उबळ येणारा, कफ जवळपास नाहीच. तिसरी डॉक्टरने ऐकायची: पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितला की रक्तदाबाचा पट्टा सोडताना होतो तसा चर्र आवाज येतो. हा आवाज एक्स-रेच्या आधी सापडू शकतो, कारण सुरुवातीच्या आयएलडीत एक्स-रे नॉर्मल असू शकतो. त्यासाठी सदरा वर करून पाठ ऐकायला मात्र हवी. चौथी खूण नखांची. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरा. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. बोटांची टोकं फुगलेली असली की ती फट बुजते. सगळ्यांत होत नाही, पण झाली तर दुर्लक्ष करू नका.

आता टीबी. आपल्याकडे छातीच्या एक्स-रेवर काहीही पांढरं दिसलं की हात आधी एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या गोळ्यांकडे जातो. मी कुणाला नावं ठेवत नाही. टीबी इतका आहे की बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर येतो. पण आजच्या काळात बेडक्याची जनुकीय तपासणी, गरज पडली तर दुर्बिणीने फुप्फुस धुऊन त्या पाण्याची तपासणी, यातून जंतूचा पुरावा शोधल्याशिवाय सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नयेत. तुमच्या आईंचा बेडका तपासला होता का? तसा रिपोर्ट असेल तर शोधून ठेवा. ताप नाही, भूक बरी, वजन फारसं उतरलेलं नाही, चार महिने औषध घेऊन काहीच हललं नाही, तर टीबीची शक्यता बरीच मागे पडते. पूर्ण पुसली जात नाही. स्टेरॉइड सुरू करण्याआधी ती एकदा नीट पुसून घ्यायला हवी, कारण दबून बसलेला टीबी स्टेरॉइडने उसळतो. पंपाचं म्हणाल तर तो नळ्यांचं औषध आहे. भिंतीच्या आजारावर तो फारसा चालत नाही.

आता कारणांकडे येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दवाखान्यातही माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पहिल्या भेटीत मी पाऊण तास नुसते प्रश्न विचारतो. काही नातेवाईक वैतागतात, ‘डॉक्टर, सीटी बघा ना!’ सीटी पळून जात नाही.

एचपी म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून जाणाऱ्या एखाद्या सेंद्रिय कणावर शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण चिडते आणि ती भिंत सुजवते. पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांवरची प्रथिनं, बुरशी, ओल्या गवतातले जंतू हे नेहमीचे गुन्हेगार. पाश्चात्त्य देशांत कारण न सापडणारी आयपीएफ ही आयएलडी खूप आढळते. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी १,०८४ नव्या रुग्णांची नोंद ठेवली होती, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४७ टक्क्यांहून थोडे जास्त रुग्ण एचपीचे निघाले. आयपीएफ आणि सांधे-त्वचेच्या आजारांतून होणारी आयएलडी प्रत्येकी १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जवळपास निम्म्या रुग्णांच्या बाबतीत घरात किंवा कामाच्या जागी शोधण्यासारखं काहीतरी असतं. त्या एचपीच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. ठाण्याच्या दमट हवेत कूलर कोण लावतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण माहेर जळगावला, मुलगी अकोल्याला, आणि दर उन्हाळ्यात दोन महिने वाळ्याच्या ओल्या जाळीसमोर झोपणं, असे रुग्ण माझ्याकडे आहेत.

आपल्या भागात ती जागा कबुतरांनी घेतली आहे. इथे मी माझीच एक चूक सांगतो. वाशीचे एक निवृत्त काका. सीटी एचपीसारखा. मी विचारलं, ‘कबुतरं पाळता का?’ म्हणाले, ‘छे.’ मी पुढे गेलो. औषधाने थोडं बरं, पुन्हा वाईट, असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी ते मोबाइलवर फोटो घेऊन आले. बेडरूमचा विंडो एसी दुरुस्तीला काढला तेव्हा त्याच्या मागच्या पोकळीत घरटं, अंडी आणि कित्येक वर्षांची विष्ठा वीतभर साचलेली. एसी त्यांच्या उशीच्या बरोबर वर होता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. कबुतरं कुणी पाळत नाही हो, ती येऊन राहतात. तेव्हापासून मी विचारत नाही, फोटो मागवतो: प्रत्येक खिडकी बाहेरून, एसीचं बाहेरचं युनिट आणि त्यामागची फट, संडास-बाथरूमची डक्ट, सुकत घातलेले कपडे, पोटमाळा. तुम्हीही आज हे फोटो काढा. बाल्कनीत कबुतरं ‘येतात’ म्हणजे नुसती कठड्यावर बसतात की एसीच्या युनिटखाली संसार थाटतात, यात फार फरक आहे.

‘पण बाबा त्याच घरात राहतात, त्यांना काही नाही!’ हे वाक्य ठरलेलं. शंभर जण त्याच हवेत राहिले तरी आजार एखाद्यालाच होतो. ज्याची प्रतिकारशक्ती त्या कणावर चिडायला तयार असते त्याला. बाकीचे ठणठणीत आहेत म्हणून कारण निर्दोष ठरत नाही. रक्तातली कबुतराविरुद्धची आयजीजी (प्रतिपिंडांची) चाचणी करून घ्या असं कुणी सांगेल. ती पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की संपर्क आला आहे. त्यावरून आजार सिद्ध होत नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटकाही होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक खोकला कबुतराच्या नावावर जमा होऊ लागलाय. नेरूळच्या एका कुटुंबाने शेजाऱ्यांशी दाण्यांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कडाक्याचं भांडण केलं होतं. रुग्ण बाई समोर बसल्या आणि मी त्यांचे हात हातात घेतले. बोटांची कातडी ताणलेली, चकचकीत. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली की बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तो स्क्लेरोडर्मा होता, म्हणजे कातडी ताठ करणारा प्रतिकारशक्तीचा आजार. कबुतरांचा काही संबंध नव्हता.

म्हणून आईंना हे प्रश्न घरीच विचारून ठेवा. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, मूठ वळायला अर्धा तास लागतो का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही असं होतं का? खाली मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का? बोटांच्या कडा मेकॅनिकच्या हातांसारख्या भेगाळल्यात का? संधिवात, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार), स्नायूंचा दाह, या सगळ्यांत फुप्फुस सापडतं, आणि कधी कधी सांधे दुखायच्या आधी. त्यासाठी एएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि लक्षणांनुसार आणखी काही रक्तचाचण्या कराव्या लागतात.

मग औषधांचा डबा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, वारंवार लघवीला जळजळ होते म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, कॅन्सरची काही औषधं, छातीवर दिलेलं रेडिएशन, यांतून आयएलडी होऊ शकते. नायट्रोफ्युरँटॉइन बायका ‘किडनी साफ राहते’ म्हणून स्वतःच चालू ठेवतात, आणि डॉक्टरने ‘कुठली गोळी चालू आहे?’ विचारलं की ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ते औषधच नसतं. डबा जसाच्या तसा उचलून आणा. संधिवाताची आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र घाबरून परस्पर बंद करू नका. तिच्यामुळे क्वचित अचानक दाह होतो, पण हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या फुप्फुसाचा दोष तिच्यावर टाकायला पुरावा कमी आहे. बऱ्याचदा तो संधिवाताचाच असतो.

आणि काम. आजचं नाही, आयुष्यभराचं. तुर्भे-पावणे पट्ट्यातल्या दगडखाणींत आणि क्रशरवर तरुणपणी काम केलेले लोक आज साठीत माझ्याकडे येतात. सिलिकाची धूळ एकदा आत गेली की काम सोडल्यावरही आजार वाढतच राहतो. सिलिकोसिस कायद्यानुसार सरकारला कळवायचा आजार आहे, आणि तो झालेल्यांना टीबीही जास्त होतो, त्यामुळे गोंधळ दुप्पट. किचन ओट्याचा ग्रॅनाइट कोरडा कापणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून तेच कण ओढतायत. रुमालाने ते अडत नाहीत. पाणी मारत कापायला हवं. एपीएमसीच्या धान्य आणि मसाला मार्केटमधले हमाल, वागळे इस्टेटमधले जुने कामगार, यांनाही मी ‘तुम्ही नेमकं काय उचलायचात, काय घासायचात?’ असंच विचारतो. तुमच्या आई गृहिणी असतील तर चूल, भिंतीची ओल, परांची उशी. पावसाळ्यात बेडच्या मागची भिंत काळी पडते का, कपाट सरकवून बघा.

सीटीबद्दल थोडं. आयएलडीसाठी एचआरसीटी लागतो, दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, काँट्रास्टशिवाय. श्वास भरून, श्वास सोडून आणि पालथं झोपवून अशा तिन्ही प्रकारे काढलेला असावा. श्वास सोडूनची चित्रं नसतील तर एचपीचा एक महत्त्वाचा पुरावा निसटतो: अडकलेल्या हवेमुळे दिसणारे काळे-करडे ठिपके. रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’ लिहिलं असेल तर ती घासलेल्या काचेसारखी धुरकट छटा, बऱ्याचदा ओल. ‘हनीकोंबिंग’ म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या, ते सिमेंट. तळाशी आणि कडेला पोळं जास्त असेल तर आयपीएफची शंका येते. तुमच्या डॉक्टरांना कागद नको, सीडी द्या. कागदावर रेडिऑलॉजिस्टचं मत असतं, सीडीत फुप्फुस असतं.

फुंकायच्या तपासणीत फक्त स्पायरोमेट्री करून थांबू नका, डीएलसीओही सांगा. ती त्या भिंतीतून वायू किती पार होतो ते मोजते. बायोप्सी दर वेळी लागत नाही. इतिहास, सीटी आणि रक्त जुळलं तर छातीचा डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि संधिवाताचा डॉक्टर एकत्र बसून निदान करतात. अडलंच तर दुर्बिणीने धुऊन पेशी मोजणं किंवा तुकडा काढणं.

नावाचा एवढा आग्रह मी का धरतो, ते आता सांगतो. पूर्वी आयपीएफच्या रुग्णांना आम्ही सगळेच स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन द्यायचो. मीही दिलंय. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला: ही औषधं घेणाऱ्यांत मृत्यू आणि इस्पितळात भरती होणं दोन्ही जास्त निघालं, आणि चाचणीतला तो गट मध्येच थांबवावा लागला. तेच स्टेरॉइड सुजेच्या एचपीत जादू केल्यासारखं काम करतं. सीटीतलं चित्र वरवर सारखं, आडनाव एक, आणि औषधाचा परिणाम उलटा.

तर स्टेरॉइडचं. तुमच्या आईंचं निदान खरंच एचपी ठरलं, तर पहिलं औषध म्हणजे कारण दूर करणं. ते न करता स्टेरॉइड देणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. सीटीत ओल बरीच असेल तर काही आठवडे ते काही महिने स्टेरॉइड देऊन, फुंकण्याची तपासणी पुन्हा करून, फायदा झाला तर हळूहळू उतरवतात. फायदा नसेल तर तेही उतरवून थांबवतात. आयुष्यभर असं काही ठरलेलं नसतं. लांबणार असेल तर मायकोफिनोलेटसारखं प्रतिकारशक्ती आवरणारं औषध जोडून स्टेरॉइडचा डोस खाली आणतात. साखर, रक्तदाब, हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं. दोन गोष्टी जपा. पहिल्या आठवड्यात भूक लागते, तरतरी येते, त्याला ‘फुप्फुस सुधारलं’ समजू नका. आणि गोळी एका दिवसात बंद करू नका.

सिमेंट चढत चाललं असेल तर पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब. आयपीएफसाठी दोघांना अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली, आणि निंटेडॅनिब पुढे एचपीसारख्या वाढत्या फायब्रोसिसलाही चालतं हे दिसलं. आता इथे दोन्ही जेनेरिक मिळतात. ही औषधं फुप्फुसाची क्षमता घटण्याचा वेग साधारण निम्म्यावर आणतात. धाप कमी करत नाहीत, डाग पुसत नाहीत. हे आधी सांगितलं नाही की रुग्ण दोन महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतो. पिरफेनिडोनने मळमळ होते आणि उन्हाने कातडी भाजते. भरल्या पोटी घ्यायची, दुपारी बाहेर पडलं तर लांब बाह्या आणि छत्री. निंटेडॅनिबने जुलाब होतात. दोन्हींत लिव्हरच्या चाचण्या वेळोवेळी.

ऑक्सिजनची सवय लागते असं म्हणून घरोघरी मशीन कोपऱ्यात पडून असतं. सवय लागत नाही. ज्याला चालताना उतरतो त्याला चालताना लावायचा. बसूनही कमी असेल तर दिवसातले पंधरा तास तरी, झोप धरून. वीज जाते तेव्हासाठी लहान सिलिंडर घरात हवा. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी घ्या. व्यायाम बंद करू नका, मीटर लावून सपाट रस्त्यावर चालवा. आणि दोन-चार दिवसांत धाप अचानक वाढली तर ‘सर्दी झालीय’ म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

तुम्ही विचारलं नाही, पण ‘किती वर्षं?’ हे मनात असणार. आयपीएफमध्ये उपचाराविना सरासरी तीन ते पाच वर्षं असा आकडा पुस्तकांत आहे, तो इंटरनेटवर वाचून आईंना लावू नका. एचपीचा पल्ला खूप पसरलेला आहे, आणि ज्यांचं कारण सापडून सुटतं त्यांचं पुढे बरं चालतं, हे वारंवार दिसलंय. फायब्रोसिस फार पुढे गेला असेल तर प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो. मुंबई विभागात त्याची यादी झेडटीसीसी या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते, आणि वय पासष्टच्या पुढे गेलं की दारं आकसतात, म्हणून नाव घालायचं की नाही ही चर्चा शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नये.

आता गणपती. घर सोडल्यावर खोकला निम्मा, परतल्यावर पुन्हा सुरू: माझ्या अनुभवात याहून सरळ पुरावा कुठलीही मशीन देत नाही. पण तो मोजून घ्या. आत्ता डीएलसीओ आणि सहा मिनिटं चालण्याची तपासणी करा, आकडे लिहून ठेवा. मग आईंना सहा आठवडे घराबाहेर ठेवा. त्या तिकडे असताना घर साफ करून घ्या: विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारून भिजवायची, एन-९५ लावून उचलायची, एसीमागची फट बंद, डक्टला आणि बाल्कनीला जाळी, पडदे-गाद्या-उश्या धुऊन किंवा टाकून. पक्ष्यांची प्रथिनं पक्षी गेल्यावरही घरात महिनोन्‌महिने राहतात, त्यामुळे नुसती जाळी लावून आईंना दुसऱ्या दिवशी परत आणू नका. सहा आठवड्यांनी त्याच दोन तपासण्या पुन्हा. आकडे सुधारले किंवा निदान घसरायचे थांबले तर त्या घरात परतण्याआधी डॉक्टरांशी बोला; वेळ आलीच तर घर बदलावं लागतं, आणि मी ते काही जणांना सांगितलंय.

संगमेश्वरला नेणार असाल तर एक बघा. गणपतीत घर माणसांनी भरलेलं, आई पुढच्या ओटीवर. आता सहा आठवडे राहायचं तर त्या कुठे झोपतील? मागच्या पडवीत कोंबड्यांचं खुराडं, गुरांचा गोठा, पावसात भिजलेल्या पेंढ्याची उडवी, वर्षभर बंद असलेल्या खोलीची बुरशी, यातलं काही त्यांच्या अंथरुणाजवळ नको. तिथलेही फोटो काढून पाठवायला सांगा.